सत्यघटनेवरचा भयपट पुन्हा बघताय? मग एवढं पाळा

'द टाउन दॅट ड्रेडेड सनडाउन' हा १९७६ चा सिनेमा पुन्हा बघायची हुक्की आली असेल तर बघाच, फक्त डोकं चार्जिंगला लावून या. सुरुवातीलाच निवेदक भारदस्त आवाजात सांगतो की ही गोष्ट खरी आहे, जिथे घडली, जशी घडली तशीच, फक्त नावं बदललीयत. अजिबात शंका घेऊ नका. टेक्सारकाना हे गाव खरं आहे, अर्धं टेक्सासात अर्धं आर्कान्सात, १९४६ च्या फेब्रुवारी ते मे तिथे आठ जणांवर हल्ले झाले, पाच मेले, खुनाचा खटला कुणावरच चालला नाही, हेही खरं. आता उरलेल्या दीड तासात जरा इकडचं तिकडे झालं तर लगेच गूगल कशाला करायचं?

ट्रॉम्बोनचा सीन आला की तर मोबाईल लांबच ठेवा. त्यात खुनी ट्रॉम्बोनच्या सरकत्या दांडीला चाकू बांधतो आणि झाडाला बांधलेल्या मुलीसमोर वाजवत वाजवत तिला भोसकतो. खरी मुलगी १५ वर्षांची होती, बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायची आणि गोळी लागून मेली. पण दिग्दर्शक चार्ल्स पीअर्सची अडचण पण समजून घ्या ना, सॅक्सोफोनला चाकू बांधला तरी तो पुढेमागे होतो का? नाही होत. मग वाद्य बदललं, मरणही बदललं. नाव तर आधीच बदललं होतं, म्हणजे आदर राखलाच की.

पुढे एका शेतातल्या घरात बाईच्या तोंडावर गोळ्या झाडल्या जातात आणि ती रक्तबंबाळ होऊन सरपटत जाते, ते बघताना एवढंच लक्षात ठेवा की अभिनय चांगला झालाय. ज्या बाईवर हे बेतलंय ती वाचली होती आणि सिनेमा आला तेव्हा जिवंत होती, हे मनात आणू नका, पॉपकॉर्न घशात अडकतो.

खुनांचा फार ताण आला तर मध्येमध्ये कॉमेडी आहेच. स्पार्कप्लग नावाचा वेंधळा हवालदार, बायकी कपडे घालून खुन्याला गळाला लावायला बसलेला, आणि ही भूमिका खुद्द दिग्दर्शकाने केलीय. बजेट कमी असलं की असं करावं लागतं, आणि पाच खुनांच्या गोष्टीत विनोदी पात्र आपणच व्हावं असं कुणाला वाटणार नाही! बेन जॉन्सनसारखा ऑस्करवाला नट मात्र इमानेइतबारे रेंजर, म्हणजे टेक्सासचा खास पोलीस, होऊन सगळ्यांकडे गंभीरपणे बघत राहतो, बिचारा.

शेवटी रेल्वेरुळांवर पाठलाग, खुन्याच्या पायात गोळी, मध्ये ट्रेन आडवी, खुनी गायब. टाळ्या वाजवा. खऱ्या तपासात सगळ्यात मोठा संशयित निघाला एक गाडीचोर, बायकोनेच त्याचं नाव घेतलं पण ती जबाब बदलत राहिली, मग त्याला गाडीचोरीतच सराईत गुन्हेगार म्हणून आत टाकला, १९७३ ला सुटला. आता यात ट्रेन कुठे घुसवणार तुम्ही? म्हणून तो माणूसच सिनेमात नाही.

पोस्टर मात्र जरूर बघा. त्यावर छापलं होतं की तो खुनी आजही टेक्सारकानाच्या रस्त्यांवर वावरतोय. गावातले अधिकारी भडकले, हे असलं छापता म्हणजे काय वगैरे. पण राग किती दिवस धरणार, पुढे त्याच गावाने हॅलोविनच्या सुमारास स्प्रिंग लेक पार्कात हाच सिनेमा उघड्यावर दाखवायची प्रथा पाडली. त्या सॅक्सोफोनवाल्या मुलीसोबत जो मुलगा मारला गेला त्याची गाडी ह्याच पार्कपाशी सापडली होती, त्यामुळे लोकेशनचा वेगळा खर्चच नाही.

आणि एवढं करूनही मन खात असेल तर २०१४ चा त्याच नावाचा सिनेमा लावा. त्यात गावकरी ड्राइव्ह-इनला बसून हाच जुना सिनेमा बघतायत आणि खून परत सुरू होतात, म्हणजे आता तुम्ही खून बघत नाही, खून बघणारे लोक बघताय. बिनधास्त बघा.