रांजण कोणी फोडला?

जग वाचवायला निघालेला नायक पहिलं काम काय करतो? लोकांच्या घरात शिरून त्यांची मडकी फोडतो. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेत हे राजरोस चालतं. घरमालक शेजारी उभा, तरी हूं की चूं नाही. माझ्या कॉमिकमध्ये त्या घरमालकाच्या जागी वऱ्हाडातली आजी बसते: ‘पानी पाह्यजे व्हतं त मांगतं नाही का रे बाप्पा? रांजन काऊन फोडला?’ बस, गेमचा नियम जसाच्या तसा ठेवायचा आणि माणूस आपल्या गावचा घालायचा. ‘स्कायरिम’ या गेममध्ये (२०११) सुरुवातीला ३०० वजन उचलता येतं. तोवर नायक चौदा तलवारी घेऊनही पळतो, आणि वर एक कोबी पडला की रुखवत घेऊन निघाल्यासारखा चालू लागतो. त्याला कापूस वेचायला न्या, वजनकाट्यावरच्या माणसासमोर उभा करा.

चार चौकटी पुरतात. तिसरी मुकी ठेवा. नवखे नेमके तिच्यातच बडबड भरतात, मग चौथीतली आजी वाया जाते.

इथवर मजा. खरा छळ अक्षरांचा. इंग्रजी कॉमिकची मोठी अक्षरं एका पट्टीत शहाण्यासारखी बसतात. आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. ओळी जवळ घेतल्या की ‘कू’चा ऊकार खालच्या ‘मै’च्या मात्रांत शिंगं अडकवतो. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. मजकूर आधी, संवादाचा फुगा नंतर. उलट केलं की फुग्याची गोलाई कडेच्या वेलांट्या छाटते.

फोटोशॉपमध्ये जोडाक्षरं सुटी पडली, पहिली वेलांटी भलतीकडे गेली, तर फॉन्टला शिव्या देऊ नका. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (अक्षरं जुळवायचा पर्याय) निवडा. त्यातून वऱ्हाडीतला ‘ऱ्ह’! साधा र, हलन्त, ह टाइप केलं की ‘ह’च्या डोक्यावर रफार चढतो आणि ‘वर्हाडी’ होतं. त्यासाठी खाली टिंब असलेला ‘ऱ’ लागतो, आणि तो कीबोर्डवर असा दडलेला असतो की गेममधला गुप्त खजिना बरा. फॉन्ट म्हणाल तर ‘बालू’ घ्या. फुकट आहे, गुबगुबीत आहे, आजीच्या तोंडी शोभतो.

कागदावर काढणाऱ्यांनी मे महिन्यात कूलरसमोर बसू नये. कागद दमट होतो, शाई फुटते, नायकाला मिशा येतात. कूलरपासून लांब बसलात तर घाम टपकतो, तेव्हा पेन वॉटरप्रूफ शाईचंच. कम्प्युटरवाल्यांनी दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह लावावं; लाइन काही विचारून जात नाही.

पूर्ण झालेलं पान व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर अक्षरं पिठल्यासारखी होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि आधी पानठेल्यावर, जन्मात गेम न खेळलेल्या माणसाला दाखवा. तो चारही चौकटी नीट वाचतो, खर्रा गालात सरकवतो आणि विचारतो, ‘मंग रांजनाचे पैसे देल्ले का त्यानं?’