दोन रंग, एकच बेक? जमत नाही

मोटरसायकलच्या ॲल्युमिनियम टॅपेट कव्हरला (इंजिनावरचं झाकण) घरीच दुरंगी पावडर कोटिंग (रंगाची कोरडी पावडर विद्युतभाराने चिकटवून भाजणं) करायची एक कृती सध्या सगळीकडे फिरतेय: मास्किंग टेप लावा, दोन्ही पावडरी मारा, ओव्हन 200 अंशांवर ठेवून 20 मिनिटं भाजा. कव्हरवरची उठावाची अक्षरं एका रंगात, बाकी दुसऱ्या. तिच्यासोबत फिरणारे दावे एकेक करून पाहू.

"दोन्ही पावडरी एकाच बेकमध्ये." कच्ची पावडर जॉबवर, म्हणजे रंगवायच्या वस्तूवर, नुसत्या विद्युतभाराने टिकलेली असते, फुंकर मारली तरी उडते. तिच्यावर टेप लावणार कशी? टेपशिवाय शेजारी दुसरी मारली, तर तिचे कण पहिलीवर जाऊन बसतात. आणि ते मिसळतही नाहीत. लाल-पिवळ्याचा नारिंगी होत नाही, तीळ पेरल्यासारखे ठिपके दिसतात.

"दुसऱ्यांदा भाजलं तर पहिला रंग ओघळेल." चूक. घरी वापरतात त्या पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी पावडरी थर्मोसेट असतात, एकदा पूर्ण पिकल्या की पुन्हा वितळत नाहीत. अडचण उलटी आहे: पूर्ण पिकलेल्या गुळगुळीत थरावर दुसरा थर नीट धरत नाही. म्हणून पहिला थर वितळून सपाट आणि ओला दिसायला लागला की आणखी चार-पाच मिनिटांत जॉब बाहेर काढायचा. हा हाफ बेक. मात्र अशा अर्धकच्च्या थरावर टेप लावून पुन्हा तापवलंत तर टेपचा ठसा कायमचा राहतो. टेप लावायचीच असेल तर पहिला थर पूर्ण भाजा आणि जिथे दुसरा रंग यायचाय तेवढाच भाग 400 नंबरच्या पॉलिश पेपरने हलका घासा.

पण उठावाच्या अक्षरांना टेप हवीच कशाला? आधी अक्षरांचा रंग सगळीकडे मारून हाफ बेक करा. थंड झाल्यावर दुसरी पावडर सगळीकडे मारा. सपाट खोडरबरावर धागे न सुटणारं कापड ताणून अक्षरांच्या माथ्यावरून पुसा; कोरडी पावडर लगेच निघते. बोटाने पुसू नका, बोट खाचेत उतरतं. चुकलंच, तर सगळी झटकून पुन्हा मारा. मग फुल बेक.

"कुठलीही टेप चालते." कागदी टेपचा गोंद जळून धातूला चिकटून बसतो. हिरवी पॉलिएस्टर टेप साधारण 200 अंशांपर्यंत टिकते, पिवळसर पॉलिइमाइड 260 पर्यंत. थंड झाल्यावर ओढली तर कडेचे टवके उडतात. पावडर वितळली की जॉब बाहेर काढून गरम असतानाच टेप तिरकी ओढा, मग उरलेलं बेकिंग करा.

दुसरा थर पहिल्यासारखाच मारा, असंही सांगतात. पहिला थर विजेला अडवतो. भार साचून पावडर ढकलली जाते आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. पावडर मारायच्या गनचं व्होल्टेज बदलता येत असेल तर 40-50 किलोव्होल्टवर आणा, थर पातळ ठेवा. जॉब टांगायचा हुक आणि जॉब जिथे टेकतात तिथली पावडर खरडून धातू उघडा करा, नाहीतर अर्थिंगच मिळत नाही.

"200 वर 20 मिनिटं." हे धातूचं तापमान, ओव्हनच्या बटणावरचं नाही. जाड कास्टिंग तापायलाच बराच वेळ घेतं. शिवाय कास्टिंगच्या छिद्रांत तेल आणि हवा असते. कोटिंगआधी ते बेकिंगपेक्षा थोड्या जास्त तापमानाला तासभर नुसतंच भाजून घ्या, नाहीतर पिनहोल, म्हणजे रंगात टाचणीने टोचल्यासारखी भोकं, पडतात.

आणि ज्या ओटीजीत हे केलं त्यात पुन्हा केक नाही. गॅसच्या ओव्हनचा तर विचारच नको, हवेत उडालेली पावडर ज्वाळेवर भडकते.