व्हीटीचा नकाशा मेलबर्नचा नव्हता

दर काही महिन्यांनी तोच फॉरवर्ड फिरून येतो. दोन फोटो शेजारी शेजारी. एकात आपलं व्हीटी (व्हिक्टोरिया टर्मिनस), म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, आणि दुसऱ्यात ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन. खाली मजकूर असा, की लंडनहून नकाशे पाठवताना पाकिटांची अदलाबदल झाली, मेलबर्नचं स्टेशन मुंबईत उभं राहिलं आणि मुंबईचं मेलबर्नला. चूक कळल्यावर वास्तुविशारदाने म्हणे आत्महत्या केली. लोक ही गोष्ट कौतुकाने सांगतात, पण तिच्यात एकही धड खरी गोष्ट नाही.

आधी तारखा बघू. व्हीटीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं, १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राजवटीच्या सुवर्णमहोत्सवाला तिचं नाव स्टेशनला दिलं गेलं आणि १८८८ मध्ये इमारत पुरी झाली. फ्लिंडर्स स्ट्रीटच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली ती १८९९ मध्ये. म्हणजे मुंबईकर नव्या इमारतीत ११ वर्षं ये-जा करत होते, तेव्हा मेलबर्नच्या स्टेशनचा कागद अजून कोराच होता. वाद खरं तर इथेच मिटतो.

पण समजा, तारखा कुणाला पटल्या नाहीत. मग पाकिटं लंडनहून निघालीच कशी, ते सांगावं लागेल. मेलबर्नच्या स्पर्धेत १७ आराखडे आले. ५०० पौंडांचं पहिलं बक्षीस जेम्स फॉसेट आणि एच. पी. सी. ॲशवर्थ यांना मिळालं, आणि हे दोघे तिथल्याच रेल्वेचे नोकर होते. इकडे व्हीटीचा वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स १८६७ मध्ये सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला आला. पहिली नेमणूक पुण्यात, पुढे मुंबईत. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम हे खलाशांचं वसतिगृह, म्हणजे आज जिथे महाराष्ट्र पोलिसांचं मुख्यालय आहे ती इमारत, त्याचीच. ती पाहून मग व्हीटीकडे यावं, हात एकच आहे हे लक्षात येतं. व्हीटी बांधणाऱ्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने १८७७ मध्ये त्याला सरकारकडून मागून घेतलं. ॲक्सेल हेग या चित्रकाराने १८७८ मध्येच या नियोजित स्टेशनचं मोठं जलरंगचित्र काढलं. थोडेफार फरक सोडले, तर घुमटासकट आजचीच इमारत त्यात दिसते.

'ही इमारत भारतीय वाटतच नाही' हा या गोष्टीतला सगळ्यात आवडता मुद्दा. तो नीट तपासायला हवा, कारण त्यात अर्धं सत्य आहे. व्हीटीची शैली गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींची आणि मनोऱ्यांची जुनी युरोपी शैली आहे, आणि लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्टेशनशी तिचं साम्य उघड आहे. स्टीव्हन्स काम हाती घेण्याआधी युरोपातली स्टेशनं पाहून आला होता. हे कबूल करण्यात कमीपणा नाही. पण जवळ जाऊन बघा. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे आणि दुसऱ्यावर वाघ; सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. दर्शनी भिंतीवर मोर, माकडं, खारी, दगडी पानांतून डोकावणारे प्राणी. हे कोरीवकाम सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली केलं. भिंतीतल्या गोल चौकटींत रेल्वेशी संबंधित माणसांचे चेहरे आहेत, त्यांत जमशेटजी जीजीभाई आहेत आणि आपले नाना शंकरशेटही आहेत, ज्यांनी मुंबईत रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट केली. कुणी म्हणेल, नक्षी काय, मागाहूनही करता येते. येते की. म्हणूनच मी तारखा आधी सांगितल्या.

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. स्टीव्हन्सच्या हाताखाली सहायक अभियंता होते रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि पर्यवेक्षक होते एम. एम. जनार्दन. दहा वर्षं उन्हापावसात ही इमारत वर चढवणाऱ्यांत ही मराठी नावं आहेत. त्यांचा फॉरवर्ड कधी कुणी पाठवलेला मी पाहिला नाही. उलट आपणच आपल्या मुलांना सांगतो, की ही वास्तू चुकून आपल्या पदरात पडली. युनेस्कोने २००४ मध्ये तिला जागतिक वारसा ठरवलं, त्यामागे इंग्रजी गॉथिक आणि भारतीय परंपरा यांचा इथे झालेला मिलाफ हेच कारण होतं.

राहिली आत्महत्या. व्हीटीनंतर स्टीव्हन्सची बदनामी झाली असती, तर ऐन समोरची महापालिकेची इमारत त्याच्याकडे कोण सोपवणार होतं? ती १८९३ मध्ये पुरी झाली. मग चर्चगेटला बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वेचं मुख्यालय १८९९ मध्ये, तेही त्याचंच. आज तिथून पश्चिम रेल्वेचा कारभार चालतो. मार्च १९०० मध्ये तो मुंबईतच हिवतापाने गेला आणि शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरलं. फ्लिंडर्स स्ट्रीटच्या मुख्य इमारतीचं काम त्यानंतर पाच वर्षांनी सुरू झालं आणि १९१० मध्ये संपलं. जी इमारत त्याच्या हयातीत उभीच नव्हती, तिच्या अदलाबदलीपायी त्याने जीव कसा दिला, हे तो फॉरवर्ड पाठवणाऱ्याने एकदा सांगावं.