जगापासून वेगळं व्हा, पण पार्किंगसकट

बायबल सांगतं तसं जगापासून वेगळं व्हायचं ठरवलंत? उत्तम. घाबरू नका, फारसं काही सोडावं लागत नाही. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अँथनी नावाच्या तरुणाने हेच ठरवलं, तेव्हा त्याने आधी वडिलोपार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकली, उरलंसुरलं विकून गरिबांना वाटलं आणि मग एकांतात राहायला गेला. जुन्या लोकांना घाई फार. ठाण्याच्या घोडबंदर रोडचा स्क्वेअर फुटाचा भाव ऐकला असता तर त्याने निदान बहिणीच्या नावावर तरी जमीन ठेवली असती. आपण त्याच्या चरित्रातला फक्त एकांताचा भाग घेऊ, आणि वाळवंटाऐवजी येऊरचा डोंगर दिसणारी बाल्कनी.

बाल्कनी मिळाली की पुढच्याच रविवारी चर्चच्या उपासनेत उभं राहून साक्ष द्या. साक्षीत ‘प्रभूने दिलं’ एवढंच म्हणायचं. वीस वर्षांचं कर्ज आणि रोखीत मोजलेली रक्कम प्रभूला ठाऊक आहे, मंडळीला कशाला? देवाची आणि धनाची सेवा एकदम करता येत नाही, असं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. ‘एकदम’ करूच नका ना. सहा दिवस एकाची, एक दिवस दुसऱ्याची.

त्या एका दिवसाबाबत मात्र कडक राहा. रविवारी कपडे धुणं नाही, इस्त्री नाही, स्वयंपाकही नाही. उपासनेहून आलं की मोबाइलवरून बिर्याणी मागवा. ती घेऊन येणारा मुलगा भर पावसात माजिवड्याच्या पुलाखालून भिजत येतो, पण त्याचा शब्बाथ त्याने बघावा. भांडीवाल्या मावशींनाही रविवारी सुट्टी देऊ नका, त्याच दिवशी पाहुणे असतात. निर्गमच्या विसाव्या अध्यायात विसाव्याची सुट्टी दास-दासींना आणि गुराढोरांनाही सांगितली आहे खरी. पण ती आज्ञा इतर आज्ञांपेक्षा बरीच लांब आहे आणि उपासनेनंतर भूक लागलेली असते.

आता दिवाळी. खरी परीक्षा हीच. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या दारातल्या काकू स्टीलचं ताट घेऊन उभ्या राहतात. वर क्रोशाचा रुमाल, खाली चिवडा, शेव, चार चकल्या, दोन करंज्या आणि कोपऱ्यात एक अनारसा, तोही जाळी पडलेला. ताट दारातच परत करू नका, वाईट दिसतं. हसून घ्या, दार लावा आणि ओट्यावर ठेवून घरच्यांना बोलवा. मग चर्चा: नैवेद्य दाखवला असेल का? प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंय की बाजारात विकतात ते चौकशी न करता खा, आणि कुणी जेवायला बोलावलं तर पुढ्यात येईल ते खा. पौल अविवाहित होता, चौकशीत किती गोडी असते हे त्याला कुठून कळणार! करंज्या बहुधा देवापुढे ठेवल्या असाव्यात, त्या वॉचमनला द्या. त्याच्या आत्म्याचा आपण अजून विचार केलेला नाही. चिवडा देवाला दाखवत नाहीत, तो ठेवा. अनारशाबद्दल एकमत होत नसेल तर तो पाळकसाहेब येईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावा. (आमच्याकडे असा एक अनारसा निर्णयाआधीच गायब झाला. कुणी कबूल केलं नाही, पण घरात महिनाभर फार शांतता होती.)

नाताळात त्याच ताटातून त्याच काकूंना केक आणि कुलकुल पाठवा. त्यांनी केकात अंडं आहे का म्हणून विचारलं तर संध्याकाळी घरी म्हणा, ‘किती कट्टर असतात हे लोक.’

शेजाऱ्यांच्या भानगडीत पडायचं नाही, हे तर ठाण्याच्या इतिहासातच आहे. 1321 साली संत फ्रान्सिसच्या पंथाचे चार फ्रान्सिस्कन साधू चीनकडे निघालेले असताना ठाण्याला लागले: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिबिलिसीचा देमेत्रियस. इथे तेव्हा नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती लोकांची घरं होती, त्यांतल्या एका घरात ते उतरले. एका संध्याकाळी यजमानाने बायकोला मारलं. सकाळी ती बाई काजीकडे गेली. पुरावा काय, तर घरात पाहुणे होते, त्यांनी पाहिलंय, असं तिने सांगितलं. साधूंना बोलावणं आलं. बाईचा मार राहिला बाजूला, चौकशी धर्माकडे वळली आणि चौघेही जिवाला मुकले. त्यांच्याच पंथाचा ओदोरिक पुढे इथे आला, त्यांच्या अस्थी थेट चीनपर्यंत घेऊन गेला आणि प्रवासवर्णनात ही हकिगत सांगून गेला.

तलावपाळीला फेऱ्या मारताना कधी ही गोष्ट आठवली तर अभिमान वाटू द्या. आपलं ठाणं, आपले हुतात्मे. फक्त त्यांची चूक करू नका. वरच्या मजल्यावरून रात्री अकरा वाजता भांडं आपटल्याचा आणि पाठोपाठ बाईच्या रडण्याचा आवाज आला, तर खिडकी लावा, एसी सुरू करा आणि स्तुतिगीतांचा आवाज थोडा वाढवा. दुसऱ्या दिवशी ती लिफ्टमध्ये ओढणी गालापर्यंत ओढून उभी दिसली, तर ‘आम्ही प्रार्थनेत आठवण ठेवतो हं’ म्हणून तळमजल्यावर उतरा. पोलीस विचारायला आलेच तर आपण झोपलो होतो. जग हे असंच आहे, म्हणून तर आपण त्यातून बाहेर पडलो. आणि विश्वासापायी छळ सोसल्याशिवाय समाधानच होत नसेल, तर घोडबंदरचा ट्रॅफिक आहे की. उपासनेला उशीर झाला की ‘सैतान अडथळे आणतोय’ म्हणायचं.

सोसायटीच्या सभेला जाऊ नका. आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे, पाण्याच्या टँकरचा हिशोब पृथ्वीवरच्यांनी ठेवावा. अपवाद पार्किंगच्या वाटपाचा. त्या दिवशी सहकुटुंब जा, आणि खांबाजवळची जागा मिळत असेल तर उठून भांडा.

राजकारण तर सर्वस्वी जगाचं. म्हणून नगरसेवकाचं नावसुद्धा माहीत नसलं तरी चालेल. आपली सगळी शक्ती मंडळीच्या कमिटीच्या निवडणुकीसाठी राखून ठेवा. तिथे पॅनल असतं, घरोघर भेटी असतात, कुणाच्या काकांनी कुणाला बघून घेतो म्हटल्याची ऑडिओ क्लिप असते. हरलात तर धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज टाका. भावाने भावावर खटला भरण्यापेक्षा अन्याय सोसावा, हे पौलाने करिंथकरांना सांगितलं होतं, आणि करिंथ फार लांब आहे.

मुलामुलींची लग्नं विश्वासातच करा. विजोड संबंध नको म्हणजे नको. ख्रिस्तात जातपात नाही, हे मुलाच्या बायोडेटाच्या पहिल्याच ओळीत लिहा. मग स्थळाचं मूळ गाव, आजोबांचं जुनं आडनाव आणि बाप्तिस्मा कुठल्या पिढीत झाला, हे फोनवर सहज बोलता बोलता काढून घ्या. नवी मुंबईची स्थळं या बाबतीत सोयीची. सानपाडा म्हणून सांगितलं की निदान पत्ता तरी नवा असतो. हळदीला डीजे आणायला हरकत नाही, उपासना दुसऱ्या दिवशी आहे.

शेवटी याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय, सत्ताविसावं वचन. शुद्ध धर्माचरण म्हणजे अनाथांचा व विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणे आणि स्वतःला जगापासून निष्कलंक ठेवणे. पिवळा हायलायटर घ्या आणि ‘आणि’च्या पुढचं तेवढं रंगवा. अलीकडचं कोरंच राहू द्या, नाहीतर पान फार भडक दिसतं. मंडळीत एखादी बाई असतेच, नवरा गेलेला, दोन मुलं, दिवा स्टेशनजवळ भाड्याची खोली. तिचं नाव प्रार्थनेच्या यादीत घाला. घरी समाचाराला जायचं म्हणजे संध्याकाळची दिव्याची गाडी, त्या गर्दीत माणूस निष्कलंक कसा राहणार? पण तिचा नंबर सेव्ह करून ठेवा. नाताळच्या आधी करंज्या लाटायला बाई मिळत नाही, आणि ती विश्वासातली आहे, पैशांसाठी अडून बसणार नाही.