पेन्सिल सोबत आणावी

वाचनालयाचं सभासद होणं अगदी सोपं. अनामत भरायची, आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची, दोन फोटो चिकटवायचे. वाचक होणं थोडं अवघड आहे, पण त्याची सक्ती कुणी करत नाही. सभासदाकडे हवीतच अशी एकच गोष्ट, ती म्हणजे मतं. दादरच्या एका गल्लीतल्या वाचनालयात मी गेली सत्तावीस वर्षं वर्गणी भरतोय. एवढ्या काळात मतं कशी बाळगावीत याचं जे ज्ञान मिळालं, ते आज तुमच्या हवाली करतो.

आधी पेन्सिल घ्या. पेनने लिहिलंत तर दंड होतो, पेन्सिलीने लिहिलंत तर नुसता ओरडा बसतो. आणि पेन्सिलीला हलकं समजू नका. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिलं ते पेन्सिलीनेच, छापून आलं १९१५ साली. त्यांना शाई मिळत नव्हती, तुम्हालाही मिळू नये. फरक इतकाच, की टिळकांनी आधी गीता वाचली होती.

अभिप्राय समासात लिहावा, आणि पहिल्या तीस पानांतच. पुढे तो वाचायला कुणी येत नाही. खोटं वाटत असेल तर कुठलंही पुस्तक मिटा आणि त्याची कड खिडकीच्या उजेडात धरा. बोटांचा मळ जिथपर्यंत लागलाय, तिथपर्यंत वाचक पोचले. त्यापुढे कागद दुधासारखा पांढरा. अभिप्रायांच्या वहीत लोक काहीही लिहोत, कड खोटं बोलत नाही. आमच्या वाचनालयात पाचशे पानांचं एक जाडजूड चरित्र आहे. त्याची पहिली साठ पानं काळवंडलेली आहेत आणि शेवटची चार. शेवटच्या चारांत फोटो आहेत.

‘मृत्युंजय’ची कड मात्र शेवटपर्यंत काळी असते. हे पुस्तक आलं १९६७ साली आणि तेव्हापासून एका मतावर अवघा महाराष्ट्र एक आहे: कर्णावर अन्याय झाला. हे मत तोंडपाठ करून ठेवा. लग्नात, बारशाला, सोसायटीच्या सभेत, पार्किंगच्या वादात, कुठेही चालतं. कादंबरीत सहा जण आपापल्या तोंडून गोष्ट सांगतात. ते सहा कोण असं एखाद्या आगाऊ माणसाने विचारलंच, तर कर्ण, कुंती आणि दुर्योधन एवढी नावं घ्या आणि चहाचं काय झालं ते विचारा.

‘कोसला’चं तंत्र वेगळं. पुस्तक १९६३चं, आणि अर्पण केलंय ‘शंभरातील नव्व्याण्णवांस’. वाचनालयात येणारा प्रत्येक जण स्वतःला उरलेला एक समजतो, त्यामुळे आवडली नाही असं उघड म्हणायची सोय नाही. तुम्ही तर मुळीच म्हणू नका. नुसतं बोलताना दर दोन वाक्यांनी ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ घालत जा. ऐकणारा समजून जातो. आमच्या प्रतीत पान अकरावर कुणीतरी लिहिलंय, ‘हे नक्की काय चाललंय?’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘साहित्य.’ त्याखाली पहिल्याच अक्षरात, ‘मग सांगत का नाही?’ आणि त्याखाली, अतिशय सुबक वळणात, बहुधा निवृत्त शिक्षिका असाव्यात: ‘समासात भांडू नये. पान खराब होते.’ मराठी समीक्षेवरची भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. या चार ओळींनी जितकं काम केलं तितकं त्यांतल्या एकानेही केलं नाही.

चाळीबद्दल मत असणं मुंबईकराला बंधनकारक आहे. ‘बटाट्याची चाळ’ हातात घ्या, उसासा टाका आणि म्हणा, “ती माणसं आता राहिली नाहीत.” शक्य असेल तर हे वाक्य गिरगावातल्या रिडेव्हलपमेंटच्या टॉवरमध्ये, बाविसाव्या मजल्यावर, एसी चालू असताना म्हणावं. चाळ पाडायच्या संमतीपत्रावर आपण पहिली सही केली होती हे त्या वेळी आठवू नये. आठवलंच तर खिडकी लावून घ्यावी.

मग त्याच दमात ‘बलुतं’ही न्या. १९७८चं दया पवारांचं आत्मकथन. त्यातली कावाखाना ही वस्तीही मुंबईतच, गिरगावातून बसने फार तर अर्धा तास. हे पुस्तक न्यायचंच, म्हणजे कार्डावर नोंद होते. फक्त तिसऱ्या दिवशी परत आणायचं आणि काउंटरवर आवाज उतरवून म्हणायचं, “अनुभव मोठा आहे हो, पण भाषा जरा...” वाक्य इथेच सोडा. पुरं करायची गरज पडत नाही, कारण समोरच्यानेही ते तिथेच सोडलेलं असतं. आमच्या प्रतीची कड चाळीस पानांनंतर पांढरी आहे. समासात एक अक्षर नाही. कर्णावर झालेल्या अन्यायासाठी जिथे जागा पुरत नाही, तिथे या समासांना कुणी पेन्सिल लावलेली नाही. चाळीतल्या नळावरची भांडणं वाचून आपल्याला हुंदका येतो. तसल्याच नळापासून कुणाला लांब उभं केलं होतं हे वाचायची वेळ आली, की भाषा आडवी येते. असो. उपरोधिक लेखात इतकं खरं बोलू नये, लय बिघडते.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं. तुम्ही ते तीन आठवडे ठेवून घ्या, दंड भरा आणि परत करताना “अजून डोळ्यांत पाणी येतं” म्हणा. ते दंडामुळेही येत असेल, कुणी विचारत नाही.

स्वयंपाकाच्या पुस्तकांना साहित्य म्हणायचं नाही, हा आपला जुना दंडक. तो मोडू नका, पण आमच्या वाचनालयातली ‘रुचिरा’ एकदा बघाच. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० सालचं, सगळी मापं वाटी-चमच्याची. घराघरांत एकेक प्रत असूनही वाचनालयातली कधी जागेवर नसते, कारण घरची सुनेकडे गेलेली असते. या प्रतीला हळदीची बोटं लागली आहेत, मधली दोन पानं तुपाने पारदर्शक झालीत, चकलीचं पान कुणीतरी सरळ फाडून नेलंय. त्या जागी शिल्लक राहिलेल्या चिंधीवर लिहिलंय, ‘मोहन कमी घाला, हसतात.’ एखाद्या पुस्तकाचा शब्द करून बघून, फसून, सुधारून पुढच्या वाचकाला सांगणं याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. कादंबऱ्यांच्या बाबतीत तरी असं कुणी करत नाही. तुम्हीही करू नका, वेळ जातो.

दिवाळी अंकांचं मत अंक यायच्या आधी तयार हवं. १९०९ साली ‘मनोरंजन’ने ही प्रथा सुरू केली. तेव्हापासून ‘यंदाचे अंक काही खास नाहीत’ हे वाक्य बदलावं लागलेलं नाही. अंकांच्या योजनेचे पैसे वेगळे भरा, पहिल्या आठवड्यात तीन अंक न्या, राशिभविष्य वाचा, परत करा.

काउंटरवर कान देऊन उभं राहिलात तर धोका संभवतो. तिथे लोक खरं बोलतात. “जाडं द्या हो काहीतरी, गावाला चाललोय.” “ताई, बारीक अक्षराचं नको.” “मागच्या वेळी दिलंत त्यात कुत्रा मरतो, आधी सांगायचं ना.” एक आजोबा दर शनिवारी येऊन “मी हे वाचलंय का?” असं विचारायचे. ताई मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघून “दोनदा” म्हणायच्या. आजोबा खूश होऊन तिसऱ्यांदा न्यायचे. असल्या लोकांच्या नादी लागू नका. यांना पुस्तकं आवडतात आणि तेवढ्यावर भागतं.

शेवटी रहस्यकथा. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त लिहिल्या, तेव्हा मराठी वाचकाला खुनी शोधायची सवय आहे. तो वाट मात्र बघत नाही. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुन्याच्या नावाभोवती गोल करणं ही वाचनालयातली सगळ्यात जुनी समाजसेवा. मीही ती केलेली आहे. आता थोडं माझं सांगतो.

मागच्या पावसाळ्यात एक जुनी रहस्यकथा घरी आणली. पान सातवर वकिलाच्या नावाभोवती गोल आणि बाजूला ‘हाच!’. चडफडलो, पण वाचत राहिलो. गाडीत वाचलं, माटुंगा रोडला खिडकी मिळाली तरी मान वर केली नाही. पानापानावर वकिलावर नजर ठेवली. तो चहात साखर जास्त घालत होता, मी म्हटलं, बघा. तो छत्री विसरला, मी म्हटलं, मुद्दाम. सत्तावीस वर्षांत मी कुठलंही पुस्तक इतकं बारकाईने वाचलेलं नाही. शेवटच्या प्रकरणात कळलं की वकील निर्दोष. ज्याने गोल केला त्याने पुस्तक पुरं वाचलंच नव्हतं. त्याचं फक्त मत होतं.

मला भयंकर राग आला. पुस्तक परत करायच्या आधी मी पान सातवर आलो, ‘हाच!’ खोडलं आणि जबाबदार नागरिकासारखं खऱ्या खुन्याचं नाव लिहिलं. मग वाटलं, पुढच्याची मजा कशाला घालवा? ते खोडलं आणि शेजारच्या डॉक्टरभोवती गोल केला. आता इतके दिवस झाले, खुनी नक्की कोण होता तेच आठवेना. डॉक्टर नव्हता, हे मीच लिहिल्यामुळे ठाऊक आहे. गेल्या शनिवारी ताईंना पुस्तक मागितलं. त्या म्हणाल्या, “बाहेर गेलंय. अचानक फार मागणी आहे त्याला, काय कळत नाही.” नाव नोंदवून आलोय. माझा नंबर तिसरा.