‘दम नव्हता म्हणून कंपनी मिळाली नाही’ म्हणे!

सध्या एक मजकूर बराच फिरतोय. त्यात म्हटलंय की इटलीतल्या सत्तरच्या दशकातल्या स्वतंत्र प्रोग्रेसिव्ह रॉक (लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक संगीत) बँडांत दम नव्हता, म्हणून रेकॉर्ड कंपन्यांनी त्यांना उभं केलं नाही. इटालियनमध्ये गायल्यामुळे बाहेर कुणी विचारलं नाही, आणि उरलंसुरलं पंक या साध्या, आक्रमक रॉकच्या नव्या लाटेनं संपवलं.

मिलानचा स्टॉर्मी सिक्स हा बँड घ्या. १९६७ साली रोलिंग स्टोन्सच्या इटली दौऱ्यात त्यांच्याआधी मंचावर जाणारी ही पोरं. त्यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी कंपन्यांनीच काढल्या होत्या. तरी पुढे त्यांनी इतर संगीतकारांना जोडून ‘लॉर्केस्ट्रा’ ही सहकारी संस्था उभी केली आणि १९७५चा ‘उन बिल्येत्तो देल त्राम’, म्हणजे ‘ट्रामचं तिकीट’, तिथूनच काढला. विषय काय, तर फॅसिझमविरुद्धचा लढा. एका गाण्यात १९४३च्या मार्चमधला कारखान्यांतला संप आहे, आणि पहिल्याच गाण्याचं नाव ‘स्तालिनग्रादो’, म्हणजे स्टालिनग्राड. हे काही कंपन्यांनी हाकलल्यावर रडत काढलेलं दुकान वाटत नाही.

१२ मार्च १९७८ला लंडनच्या न्यू लंडन थिएटरात हेन्री काऊ या इंग्लिश बँडनं स्वतःसकट पाच बँड एकत्र आणले. इंग्लंड, स्वीडन, फ्रान्स, बेल्जियम आणि इटलीतून हेच स्टॉर्मी सिक्स. कार्यक्रमाची जाहिरातच अशी होती, की रेकॉर्ड कंपन्या तुम्हाला ऐकू देऊ इच्छित नाहीत ते हे संगीत. पुढच्या वर्षी हाच मेळा स्टॉर्मी सिक्सनं मिलानमध्ये भरवला.

भाषेचं म्हणाल तर प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी या दुसऱ्या इटालियन बँडनं इंग्रजीत गाऊन पाहिलंच की. एमर्सन, लेक अँड पामर या बड्या इंग्लिश बँडचं लेबल पाठीशी, शब्द इंग्लिश गीतकार पीट सिनफील्डचे, आणि १९७३चा ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’ बिलबोर्डच्या अमेरिकन खपाच्या यादीत पोचला १८०व्या क्रमांकावर. इटालियन बँडसाठी मोठीच मजल, पण इंग्रजीची जादू म्हणावी इतकी नाही. उलट स्टॉर्मी सिक्सच्या १९८०च्या ‘माक्किना माक्केरोनिका’ला जर्मन समीक्षकांनी पुरस्कार दिला.

पंकचा मुद्दा तर तारखेतच अडतो. स्टॉर्मी सिक्स १९८३पर्यंत टिकले. आणि मिलानमध्ये कार्यक्रम करणं पंकच्या आधीपासूनच जिकिरीचं होतं: १९७१ला तिथल्या विगोरेल्ली स्टेडियमवर लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडच्या कार्यक्रमात अश्रुधूर सोडावा लागला होता.

पैशांची ओढाताण होती, हे मात्र मान्य. कंपनी आगाऊ रक्कम देते, दुकानादुकानांत माल पोचवते. सहकारी संस्थेत रेकॉर्डिंगपासून वाटपापर्यंत सगळं वाजवणाऱ्यांच्याच डोक्यावर.