दीडपाव कॅमेरा आणि दहा किलो दगड

मिररलेस कॅमेऱ्यातला आरसा काढून टाकल्यामुळे वजन कमी झालं, असं कंपन्या सांगतात. वजन कमी झालेलं नाही. ते माझ्या नवऱ्याच्या पाठीवर गेलंय.

खांदा धरला आणि डॉक्टरांनी जुना डीएसएलआर, म्हणजे आरसेवाला जड कॅमेरा, गळ्यात अडकवायला बंदी केली, म्हणून मी हा नवा मिररलेस घेतला. दुकानदाराने तो माझ्या तळहातावर ठेवला नि म्हणाला, "मॅडम, पावणेचारशे ग्रॅम. दीडपाव भेंडी उचलल्यासारखं वाटेल." वाटलंही तसंच. पण ती भेंडी आकाशगंगेच्या फोटोसाठी रात्री उघड्या माळावर तसूभरही न हलता उभी ठेवायची म्हटल्यावर तिच्यामागून बाकीचं बिऱ्हाड आलं. ट्रायपॉड आला. बॅटरी इवलीशी, म्हणून आणखी तीन बॅटऱ्या आल्या. लेन्सवर दव धरू नये म्हणून तिला गुंडाळायचा हीटरचा पट्टा आला, पट्ट्याला वीज हवी म्हणून पॉवर बँक आली. डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून लाल उजेडाचा हेडलॅम्प आला. हे सगळं ठेवायला सॅक आली, आणि सॅक माझ्या खांद्याला चालत नाही. म्हणून नवरा.

बरं, हे सगळं कधीही उचलून निघता येतं असंही नाही. आकाशगंगेचा भरगच्च भाग धनू आणि वृश्चिकेच्या बाजूला आहे. मार्च-एप्रिलमध्ये तो नीट वर येतो पहाटे, आणि पहाटे उठणाऱ्यातले आमचे हे नव्हेत. जूनपासून पाऊस. राहता राहिला मे महिना. त्यातही आकाशात चंद्र नको. म्हणजे वर्षाकाठी हाती लागते ती वैशाखातली अमावास्या आणि तिच्या आगेमागे पाच-सात रात्री.

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी त्या तारखेला लाल खूण केली. सासूबाईही अमावास्या पाहूनच घरचे बेत ठरवतात, फक्त त्या दिवशी काय करायचं नाही ते पाहायला.

"ही खूण कशाची गं?"

"आम्ही रतनवाडीला जातोय. रात्री आकाशाचे फोटो काढायला."

त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. "ही वैशाख अमावास्या आहे. शनी जयंती. शनी जयंतीला, रात्री, रानात? आणि तुला दुसरा दिवस नाही मिळाला?"

आमच्या कामाचा याहून चांगला दुसरा दिवस वर्षात नाही, हे त्यांना पटवण्यात आठवडा गेला. नागपूरच्या जाऊबाईंनी फोनवर मध्यस्थी केली, पण तीही स्वतःच्या गावासाठी: "त्यापेक्षा आमच्याकडे पेंचला या ना. २०२४ च्या जानेवारीत भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार राखलेलं जंगल, झालंय ते." पेंचला वाघ आहेत हे सासूबाईंना माहीत होतं. त्या मानाने रतनवाडी त्यांना एकदम सोज्वळ वाटली असावी. निघताना त्यांनी दोन लिंबं दिली. कॅमेऱ्याच्या बॅगेतला शेवटचा मोकळा कप्पा त्या लिंबांनी घेतला.

रतनवाडी भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या टोकाला. अमृतेश्वराचं कोरीव देऊळ, वर रतनगड आणि रात्री बऱ्यापैकी खरा अंधार. उत्तरेकडे नाशिकचा आणि पश्चिमेला मुंबई-कल्याणचा उजेड क्षितिजावर रेंगाळतो, पण आपलं काम दक्षिणेकडे असतं. फक्त मे संपत आला की काजवे बघायला येणाऱ्या गाड्या सुरू होतात. काजव्यांना अंधार लागतो, आणि तो अंधार नीट दिसावा म्हणून लोक हेडलाइट लावतात.

खरं युद्ध फोकसचं. अंधारात ऑटोफोकस चालत नाही. लेन्स थोडा वेळ पुढेमागे घरघरते आणि सोडून देते. म्हणजे हाताने करायचं. जुन्या लेन्सची रिंग फिरवत नेली की शेवटाला अडायची. या नव्या लेन्सच्या रिंगला शेवटच नाही, कारण ती आतल्या काचेला जोडलेलीच नसते. आपण रिंग फिरवतो तो नुसता अर्ज असतो. मोटरने मंजूर केला तर काच सरकते. त्यात तापमानाने धातू कमीजास्त होतो म्हणून कंपनीने अनंताच्याही, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसच्याही, पलीकडे थोडी जागा राखलेली असते. काच पार टोकाला नेली की तारे अनंतावर आणि माझी लेन्स त्याच्या पुढे.

यावरचा उपाय सगळेजण सांगतात: ठळक तारा घ्या, पडद्यावर दहापट मोठा करा, तो सगळ्यात बारीक दिसेपर्यंत रिंग फिरवा. मी आधी स्वाती घेतली. पण स्वाती आपल्याकडे जवळजवळ थेट डोक्यावरून जाते. कॅमेरा सरळ वर, पडदा त्याच्या पोटाखाली. नवरा गवतात उताणा झोपून "आता लहान... आता मोठा... मुंगी चावली" असं समालोचन करत होता. शेवटी स्वातीचा नाद सोडला आणि आग्नेयेकडची ज्येष्ठा धरली.

दहापट केल्यावर ज्येष्ठा तारा राहत नाही, थरथरणारा नारिंगी गोळा होतो. रिंगला बोट लावलं की गोळा पडद्याबाहेर. बोट काढलं की परत आत, पण लटपटत. तो शांत होईपर्यंत थांबायचं. केसभर डावीकडे: गोळा लहान. आणखी केसभर: आणखी लहान, कडेला जांभळी झालर. आणखी जरासं: परत मोठा. म्हणजे मुक्काम मागे गेला. परत उलटं फिरायचं, तर मोटर आता अर्ज दुसऱ्याच वेगाने मंजूर करते. रिंग भरभर फिरवली की काच लांब उडी मारते, हळू फिरवली की गोगलगाय. शेवटी तो गोळा टाचणीच्या टोकाएवढा झाला, त्याच्या शेजारी आधी नसलेले दोन बारके तारे उमटले, आणि मी श्वास रोखून हात बाजूला घेतला.

मग बॅटरी संपली. नवी घालून कॅमेरा चालू केला, तर लेन्सने मधल्या काळात आपलं मत बदललेलं. बंद केलं की फोकस विसरायचा, अशी तिची रीत आहे. काहीजण रिंगला चिकटपट्टी लावा म्हणून सांगतात. ज्या रिंगला आत कुणी विचारत नाही तिला चिकटपट्टी लावून काय होणार?

तोवर वारा सुटला. जड कॅमेरा वाऱ्याला फारसा जुमानत नाही. हलका कॅमेरा हलक्या ट्रायपॉडवर असला की वाऱ्याशी लगेच मैत्री करतो. ट्रायपॉडच्या पोटाशी हूक असतो, त्याला बॅग अडकवा म्हणतात. अडकवली. बॅग झोके घेऊ लागली आणि ट्रायपॉडलाही घ्यायला लावू लागली. जिथे उतरलो होतो तिथल्या मावशी हे बराच वेळ ओट्यावरून बघत होत्या. त्या आत गेल्या आणि कुठल्याशा लग्नातली आहेराची कापडी पिशवी घेऊन आल्या. "यात धोंडे भरा आन् भुईला टेकवा." दहा-एक किलो दगड भरले, पिशवी जमिनीला जेमतेम टेकेल अशी बांधली. ट्रायपॉड असा गप्प उभा राहिला की बस. पाय मात्र आखूडच ठेवावे लागतात आणि मधला दांडा वर काढायचा नाही, त्यामुळे कॅमेरा माझ्या गुडघ्याच्या उंचीवर आणि माझे गुडघे त्याबद्दल बोलत होते. 'चि. सौ. कां.' एवढी अक्षरं लाल उजेडात दिसत होती.

आता उरली फक्त पृथ्वी, आणि ती थांबवायला पिशवी मिळत नाही. ती तासाला पंधरा अंश फिरते. फिल्मच्या काळातला एक नियम आहे: ५०० ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा, तेवढे सेकंद शटर उघडं ठेवा. माझी लेन्स १२ मिमीची, कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा सेन्सर लहान म्हणून ती १८ धरायची. उत्तर येतं जवळजवळ २८ सेकंद. तेवढ्या वेळात आजच्या बारीक पिक्सेलवर तारा पाच-सहा घरं सरकतो आणि ठिपक्याची शेवई होते. म्हणून मी दहा-बारा सेकंदांवर आले. उजेड कमी पडतो, आयएसओ, म्हणजे उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ६४०० करावा लागतो, फोटो रवाळ येतो. मग तसेच सोळा काढायचे आणि घरी एकावर एक रचायचे. रवाळपणा सोळाच्या वर्गमुळाने, म्हणजे चौपट, कमी होतो. वर्गमुळाचा आयुष्यात उपयोग काय, असं शाळेत विचारणाऱ्यांपैकी मी होते.

मी सातव्या फोटोवर असताना शेजारी एक कॉलेजचा मुलगा आला. त्याने एक चप्पल काढली, दगडावर ठेवली, तिला फोन टेकवला आणि चिवडा खात बसला. थोड्या वेळाने फोन उचलून म्हणाला, "काकू, हे बघा." आकाशगंगा होती. चांगली होती. फोनही आतल्या आत तेच करतो, छोटे छोटे फोटो रचतो, फक्त तो त्याचा गाजावाजा करत नाही. मोठ्या पडद्यावर त्याचे तारे कालवल्यासारखे दिसले असते, हे मी ठामपणे सांगू शकते. पण मोठ्या पडद्यावर बघतं कोण? माझा आठवा फोटो निघेपर्यंत त्याचा अपलोड झाला होता.

घरी लॅपटॉपने तासभर पंखा घरघरवला आणि फोटो तयार केला. तारे टाचणीच्या टोकासारखे, अगदी कोपऱ्यापर्यंत. मी मोठी प्रिंट काढून सासूबाईंपुढे धरली. त्यांनी चष्मा लावून ती सावकाश पाहिली.

"यात शनी कुठला?"

"शनी नाहीये यात, आई. तो मीनेत आहे. पहाटे उगवतो."

"मीनेत आहे ते मला सांगू नकोस, माझ्याच राशीला बसलाय. पण त्याच्या जयंतीला गेलात आणि त्याचाच फोटो नाही? पहाटेपर्यंत थांबायला काय झालं होतं?" त्यांनी चष्मा काढला. "पुढच्या वर्षी मी येते. मला खाली बसवत नाही, घडीची खुर्ची घ्या एक."

"किती किलोची असते?" आतल्या खोलीतून नवऱ्याने विचारलं.